इन्हिबिशनवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांची बैठक : अनुभव आणि चर्चा

अनुस्वार

नमस्कार मंडळी,

मेंदूत एक पेशी दुसरीला चेतवते, तशीच गप्पही बसवते. या गप्प बसवण्यावर, म्हणजे इन्हिबिशनवर, मी पीएचडी करते आहे. नुकतीच या विषयाच्या गॉर्डन रिसर्च सेमिनारला जाऊन आले. परत आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून हा धागा.

आधी स्वरूप सांगते. या विषयाची मोठी गॉर्डन परिषद साधारण दर दोन वर्षांनी भरते. तिच्या लगेच आधी, शनिवार-रविवारी, फक्त पीएचडीचे विद्यार्थी, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) आणि त्यांच्याच टप्प्यावरची मंडळी यांचा हा सेमिनार असतो. आयोजकही आपल्यातलेच. बोलणारे बहुतेक जण आलेल्या सारांशांतून निवडतात. ज्येष्ठांपैकी मोजके लोक मार्गदर्शनाच्या सत्रापुरते येतात. आपले गाइड सभागृहात नसतात, आणि त्याने किती फरक पडतो ते तिथे गेल्यावरच कळतं.

एक नियम आत्ताच सांगून ठेवते. तिथे सांगितलेलं सगळं खाजगी संभाषण मानलं जातं. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, भाषणांचा संग्रह छापला जात नाही. त्यामुळे दुसऱ्या कुणाचाही अप्रकाशित निष्कर्ष इथे लिहिणार नाही. पण ज्या प्रश्नांवर चर्चा तापत होती, ते छापील शोधनिबंधांत वर्षानुवर्षं आहेत. त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येईल.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न होता, "तुझ्या पेशीत क्लोराइड किती होतं?"

ऐकायला किरकोळ वाटतो, पण सगळं काम त्यावर उभं असतं. गाबा हा मेंदूतला मुख्य इन्हिबिटरी रेणू. त्याचा गाबा-ए रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पडद्यातलं तो ज्यावर बसतो ते दार, उघडला की त्यातून प्रामुख्याने क्लोराइड आयन जातात-येतात. आत शिरतील की बाहेर पडतील हे रिसेप्टरच्या हातात नसतं. ते पेशीच्या आत-बाहेर क्लोराइड किती आहे आणि त्या क्षणी पेशीचा व्होल्टेज किती आहे, यावर ठरतं. बाहेर १३० मिलिमोलर आणि आत १० धरलं, तर शरीराच्या तापमानाला क्लोराइडचा समतोल उणे ६८ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. पेशी विश्रांतीत साधारण तिथेच असते, म्हणजे गाबा तिला तिथेच धरून ठेवतो. आता आतलं क्लोराइड २५ झालं असं समजा. समतोल उणे ४४ वर जातो, आणि तोच गाबा त्याच रिसेप्टरवर बसून पेशीला पेटण्याच्या, म्हणजे विद्युत संदेश सोडण्याच्या, उंबरठ्याकडे ढकलू लागतो. या रिसेप्टरमधून थोडं बायकार्बोनेटही जातं, त्यामुळे खरा आकडा आणखी जरा वर सरकतो. रेणू बदलला नाही, रिसेप्टर बदलला नाही, आणि परिणामाची दिशा मात्र फिरली.

मग हे मोजायचं कसं? नेहमीच्या पॅच क्लॅम्पमध्ये, म्हणजे बारीक काचेच्या नळीने (पिपेटने) एकेका पेशीचा विद्युत प्रवाह मोजण्याच्या पद्धतीत, पेशीचा पडदा फोडून पिपेट आत जोडतो, त्यामुळे पिपेटमध्ये भरलेलं द्रावण पेशीत उतरतं. म्हणजे क्लोराइड आपणच ठरवलेलं असतं, पेशीचं स्वतःचं राहत नाही. म्हणून ग्रामिसिडिन नावाचं प्रतिजैविक वापरतात. ते पडद्यात बारीक छिद्रं पाडतं. त्यांतून सोडियम-पोटॅशियमसारखे एकेरी धन आयन जातात, क्लोराइड जात नाही. काम चिकाटीचं आहे. द्रावण ताजं करावं लागतं. पिपेटच्या टोकाला ग्रामिसिडिन नसलेलं द्रावण आधी भरावं लागतं, नाहीतर सील नीट धरत नाही. मग छिद्रं पडेपर्यंत पेशीकडे बघत बसायचं. अर्धा तास, कधी जास्तही.

माझ्या स्वतःच्या पोस्टरबद्दल बोलायला मला मुभा आहे, म्हणून सांगते. एका अनोळखी पोस्टडॉकने आलेख बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "मधेच पडदा फाटला नाही हे कशावरून?" मी दाखवलं. पिपेटमध्ये मुद्दाम १४० मिलिमोलर क्लोराइड ठेवलेलं असतं. पडदा फाटला तर ते पेशीत लोटेल आणि उलटण्याचा बिंदू, म्हणजे गाबाच्या प्रवाहाची दिशा ज्या व्होल्टेजला फिरते तो, एकदम शून्याजवळ उडी मारेल. आलेखात तो उणे ७० च्या जवळ शेवटपर्यंत हललेला नाही. त्याने मान डोलावली आणि पुढचा अर्धा तास आम्ही तापमान, पेशीचं वय, स्लाइसची (मेंदूच्या पातळ कापाची) जाडी असं काय काय बोलत बसलो. या अर्ध्या तासाने माझा पुढचा प्रयोग ठरला.

माझं म्हणणं एवढंच आहे. इतके पायाभूत प्रश्न तरुणांच्या छोट्या बैठकीत जितक्या निर्धास्तपणे विचारले जातात, तितके मोठ्या परिषदेत विचारले जात नाहीत. आणि या विषयाला त्यांची फार गरज आहे. "ही इन्हिबिटरी पेशी आहे" असं लिहून पुढे जाणं सोपं असतं. ती त्या क्षणी, त्या ठिकाणी खरंच इन्हिबिट करते आहे का, हे दाखवणं कठीण असतं.

इथे कुणी या विषयात असाल तर लिहा. नसाल तरी विचारा.

रानपाखरू

छान लिहिलंय. माझा या क्षेत्राशी संबंध नाही, पण पूर्ण वाचलं. दोन प्रश्न. अशा गप्प बसवणाऱ्या पेशी मेंदूत किती असतात? आणि त्या नसत्या तर नेमकं काय झालं असतं? गाडीच्या ब्रेकसारखं काहीतरी आहे असं समजू का?

तळटीप

@रानपाखरू, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वैद्यकाने फार पूर्वी बघून ठेवलंय. धनुर्वात. त्या जंतूचं विष जखमेतून स्नायू हलवणाऱ्या मोटर नसांमध्ये शिरतं, उलट्या दिशेने प्रवास करत मज्जारज्जूत पोहोचतं आणि तिथल्या इन्हिबिटरी पेशींमध्ये जातं. तिथे ते सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन कापतं. ग्लायसिन (गाबासारखाच गप्प बसवणारा रेणू) आणि गाबा बाहेर सोडण्यासाठी ते प्रथिन लागतं. ते कापलं की स्नायूंना आवरणारं कुणी राहत नाही. जबडा घट्ट मिटतो, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते, नुसत्या आवाजाने किंवा स्पर्शाने झटके येतात. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो. ज्याने एकदा पाहिलंय तो विसरत नाही.

कुचल्यातलं स्ट्रिक्निन दुसऱ्या बाजूने तेच करतं. ग्लायसिन सुटतं, पण स्ट्रिक्निन त्याचा रिसेप्टर अडवून बसतं.

इतिहासाचं थोडं, कारण मला त्यात रस आहे. १८६२ मध्ये रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेचेनोव्ह यांनी बेडकाच्या मेंदूच्या एका कापावर मिठाचा खडा ठेवला आणि पाय सौम्य आम्लात बुडवला. पाय मागे घ्यायला नेहमीपेक्षा उशीर लागला. म्हणजे मेंदू प्रतिक्षिप्त क्रियेला आवर घालू शकतो. पुढे इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांना १९३२ चं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी भाषणाचा विषयच इन्हिबिशन निवडला.

पण मला सर्वात आवडते ती ऑस्ट्रेलियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एकल्स यांची गोष्ट. सिनॅप्सवरचा, म्हणजे दोन पेशींच्या जोडावरचा, संदेश विद्युत असतो, रासायनिक नसतो, असं ते वर्षानुवर्षं हिरिरीने मांडत होते. १९५१ मध्ये न्यूझीलंडमधल्या डुनेडिनला ब्रॉक आणि कूम्ब्स यांच्यासोबत त्यांनी मांजराच्या मोटर न्यूरॉनच्या आत काचेचा इलेक्ट्रोड घातला. इन्हिबिशनच्या वेळी व्होल्टेज त्यांच्या सिद्धांताने सांगितलेल्या दिशेच्या उलट, आणखी ऋण होताना दिसला. त्यांनी आपला सिद्धांत सोडून दिला. १९६३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

अनुस्वार

@तळटीप, अगदी सुरेख. एकल्स यांचा तो प्रयोग मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला सांगते.

@रानपाखरू, उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, साधारण दर पाच-सहा न्यूरॉनमागे एक गाबा सोडणारा असतो. माणसात हे प्रमाण त्याहून जास्त आहे. संख्येने कमी असूनही त्यांचा पसारा मोठा असतो, एकेक पेशी आजूबाजूच्या शेकडो पेशींपर्यंत पोहोचते.

ब्रेक ही उपमा सुरुवातीला चालते, पण ती फार पुढे नेत नाही. ब्रेक फक्त वेग कमी करतो. या पेशी वेळ ठरवतात. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागात, उत्तेजक संदेश आला की तोच संदेश शेजारच्या इंटरन्यूरॉनलाही, म्हणजे अशाच एका गप्प बसवणाऱ्या पेशीलाही, पोहोचतो, आणि तो काही मिलिसेकंदांच्या आत मुख्य पेशीला गप्प करतो. त्यामुळे त्या पेशीला पेटायला अगदी अरुंद खिडकी मिळते. पूय आणि स्कान्झियानी यांनी हे २००१ मध्ये दाखवलं. ती खिडकी रुंद झाली की दूर अंतराने आलेले दोन संदेशही पेशी एकत्रच धरते आणि अचूकपणा जातो.

त्यातही जाती आहेत. पारव्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन असलेल्या पेशी मुख्य पेशीच्या अंगाभोवती जाळं विणतात आणि फार वेगाने पेटतात. सोमॅटोस्टॅटिनवाल्या दूरच्या फांद्यांवर, जिथे संदेश येतात तिथे बसतात. व्हीआयपी नावाचं पेप्टाइड असलेल्या तिसऱ्या जातीच्या पेशी प्रामुख्याने या इन्हिबिटरी पेशींनाच गप्प करतात, त्यामुळे मुख्य पेशी मोकळी होते. गाबा सोडणारीच पेशी, आणि परिणाम उत्तेजनाचा. सेमिनारमधली निम्मी चर्चा कुठली जात कुणाला कधी गप्प करते याच्याभोवती होती असं म्हटलं तरी चालेल.

जुनाजाणता

या क्षेत्रात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अनुस्वार, तुमचा क्लोराइडचा मुद्दा योग्य आहे. पण "गाबा उंबरठ्याकडे ढकलतो" इथून "गाबा उत्तेजक झाला" इथवर उडी मारू नये, आणि वाचणारे ती मारतात.

१९८९ मध्ये बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं की तिथे गाबा पेशींना डिपोलराइझ करतो, म्हणजे त्यांचा व्होल्टेज वर, उंबरठ्याकडे नेतो. कारण कोवळ्या पेशीत क्लोराइड आत ओढणारं एनकेसीसी१ हे प्रथिन जोरात असतं आणि बाहेर फेकणारं केसीसी२ अजून पुरतं आलेलं नसतं. पेशी मोठी होताना केसीसी२ वाढतं आणि गाबाचा परिणाम उलटतो, हे १९९९ मध्ये रिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. इथपर्यंत भक्कम आहे. पण रिसेप्टर उघडला की पडद्याला भोक पडतं, आणि त्याच वेळी येणारा उत्तेजक प्रवाह त्या भोकातून गळून जातो. व्होल्टेज थोडा वर गेला तरी पेशी पेटणं अवघडच होऊ शकतं. २०१५ मध्ये किर्म्से आणि सहकाऱ्यांनी जिवंत पिल्लांच्या कॉर्टेक्समध्ये नेमकं हेच पाहिलं. एकेका कोवळ्या पेशीत गाबा डिपोलराइझ करत होता, आणि तरी एकूण जाळ्याची हालचाल कमी होत होती.

हे सगळं फक्त प्रयोगशाळेपुरतं नाही. एनकेसीसी१ अडवणारं ब्युमेटानाइड हे जुनं लघवीचं औषध नवजात बाळांच्या झटक्यांसाठी वापरून पाहिलं. युरोपातल्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही, काही बाळांची श्रवणशक्ती गेली, आणि चाचणी थांबवावी लागली. ऑटिझमसाठीच्या मोठ्या चाचण्याही २०२१ मध्ये परिणाम नाही म्हणून थांबल्या. हे औषध तोंडाने घेतलं तर मेंदूपर्यंत फारच थोडं पोहोचतं, हा प्रश्न आधीपासून विचारला जात होता. तो आणखी मोठ्याने विचारायला हवा होता. म्हणून तरुण लोक पायाभूत प्रश्न विचारताहेत याचा मला मनापासून आनंद आहे.

एक मात्र पटत नाही. ही गुप्तता. ज्यांना व्हिसा मिळत नाही, ज्यांच्या गाइडकडे प्रवासाला पैसे नाहीत, त्यांना या अर्ध्या-अर्ध्या तासांच्या गप्पा कधीच मिळत नाहीत. बंद खोलीतलं ज्ञान दोन वर्षं पुढे असतं आणि बाहेरचा मुलगा छापील निबंधाची वाट बघत राहतो. हे न्याय्य नाही.

अनुस्वार

@जुनाजाणता सर, शंटिंगचा, म्हणजे भोकातून प्रवाह गळून जाण्याचा, मुद्दा मी लिहायला हवा होता, तो तुम्ही लिहिलात, आभार.

गुप्ततेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्या नियमामुळेच लोक अर्धवट काम भिंतीवर लावतात. न जमलेले प्रयोग सांगतात. "हे अँटिबॉडी आमच्याकडे चालत नाही, ते प्रथिनच नसलेल्या नॉकआउट उंदरातही पट्टा दिसतो" हे कुठल्या निबंधात छापून येतं? नियम काढला तर सगळे फक्त पूर्ण झालेलं, पॉलिश केलेलं काम घेऊन येतील. तरीही पोहोचू न शकणाऱ्यांचा प्रश्न खरा आहे. त्यावर उपाय म्हणून प्रवासासाठीची मदत वाढवावी आणि अशा छोट्या बैठका जगभर जास्त ठिकाणी भराव्यात, असं मला वाटतं. आठ-दहा लॅबचे विद्यार्थी मिळून ऑनलाइन सुद्धा असं मंडळ चालवू शकतात. कच्चे आलेख दाखवायचे, बाहेर न्यायचे नाहीत, गाइडना बोलवायचं नाही.

जुनाजाणता

ऑनलाइन मंडळाची कल्पना चांगली आहे. कुणी सुरू करत असेल तर माझ्या विद्यार्थ्यांना पाठवेन, मी स्वतः येणार नाही. बाकी गुप्ततेवर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

आर्याची_आई

मी शास्त्रज्ञ नाही. माझ्या मुलीला ड्रावे सिंड्रोम, म्हणजे लहानपणी सुरू होणारा फिट्सचा एक गंभीर आजार, आहे. डॉक्टरांनी सांगितलं की एससीएन१ए नावाच्या जनुकात दोष आहे आणि त्यामुळे सोडियम चॅनेल कमी पडतात. माझ्या मनात कायम हा प्रश्न येतो. सोडियम चॅनेल कमी म्हणजे पेशी कमी पेटायला हव्यात ना? मग फिट्स जास्त का? तुमच्या या विषयाशी याचा काही संबंध आहे का?

अनुस्वार

आर्याच्या आई, संबंध अगदी थेट आहे, आणि तुमचा प्रश्न तोच आहे जो संशोधकांनाही पडला होता.

एससीएन१ए जनुकातून जे सोडियम चॅनेल बनतं, त्यावर इन्हिबिटरी इंटरन्यूरॉन सर्वांत जास्त विसंबून असतात. २००६ मध्ये या आजाराच्या उंदरांवर काम झालं. हिप्पोकॅम्पसच्या मुख्य, उत्तेजक पेशींमध्ये सोडियमचा प्रवाह जवळपास तसाच होता. इंटरन्यूरॉनमध्ये मात्र तो खूप घटला होता आणि त्या पेशींना वेगाने पेटत राहता येत नव्हतं. म्हणजे पेशी कमी पेटतात हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त कमी पेटणाऱ्या पेशी आवर घालणाऱ्या आहेत. बाकीचं जाळं मोकळं सुटतं.

चित्र तिथेच संपत नाही. २०१८ मध्ये उंदरांतच दिसलं की पारव्हाल्ब्युमिन पेशींचा हा पेटण्याचा दोष काही आठवड्यांनी बराचसा भरून निघतो, आणि तरी आजार राहतो. ते का, यावर आज अनेक तरुण संशोधक काम करताहेत. चांगल्या राहिलेल्या जनुकाच्या प्रतीकडून जास्त प्रथिन बनवून घेणाऱ्या अँटिसेन्स (जनुकाच्या संदेशाला चिकटणाऱ्या) औषधाच्या चाचण्याही माणसांमध्ये चालू आहेत. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

तळटीप

ताई, अनुस्वार यांनी सांगितलं त्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही फिट्सची नेहमीची औषधं सोडियम चॅनेल अडवतात. इतर अनेक रुग्णांना ती उपयोगी असतात, पण ड्रावेमध्ये आधीच कमकुवत असलेल्या इंटरन्यूरॉनना ती आणखी कमकुवत करतात आणि फिट्स वाढू शकतात. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना हे माहीत असणारच. पण अचानक दुसऱ्या रुग्णालयात, नव्या डॉक्टरांसमोर जायची वेळ आली तर निदान लिहिलेला कागद जवळ ठेवा आणि तो आधी दाखवा. चालू औषध स्वतःहून बंद करू नका किंवा बदलू नका, ते धोक्याचं असतं.

आणखी एक. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर ती तातडीची वेळ समजतात. फिट लांबत जाते तसे गाबाचे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात, आणि मिडाझोलामसारखी औषधं त्याच रिसेप्टरवर काम करत असल्यामुळे त्यांचा असर कमी होत जातो. म्हणून डॉक्टरांनी घरी वापरायला औषध दिलं असेल तर ते सांगितलेल्या वेळेलाच द्यायचं, "थोडं बघू" म्हणून थांबायचं नाही.

आर्याची_आई

तुम्हा दोघांचे खूप आभार. कारण कळलं की नियम पाळायला बळ येतं. तो कागद मी आजच बॅगेत ठेवते. आणि अनुस्वार, तुम्ही करताय ते काम थांबवू नका.

मेघमल्हार

धागा वाचून पुढच्या सेमिनारला अर्ज करावा असं वाटू लागलंय. पीएचडीचं दुसरं वर्ष आहे, निबंध एकही छापलेला नाही. माझं काम इंटरन्यूरॉनच्या स्थलांतरावर आहे, म्हणजे गॅंग्लिऑनिक एमिनन्समध्ये (गर्भाच्या मेंदूतल्या एका खोल भागात) जन्मलेल्या पेशी आडव्या प्रवासाने कॉर्टेक्समध्ये कशा पोहोचतात त्यावर. इथे सगळे सिनॅप्स आणि क्लोराइडबद्दल बोलताहेत. मला जागा आहे का? सारांशात काय लिहू?

अनुस्वार

@मेघमल्हार, नक्की आहे. पेशी चुकीच्या जागी पोहोचली किंवा उशिरा पोहोचली तर आमच्या क्लोराइडच्या मोजमापाला काय अर्थ? उलट स्थलांतर करतानाच या पेशींमध्ये केसीसी२ वाढू लागतं आणि त्यांची चाल थांबते असं काम झालेलं आहे. तुझा विषय थेट इथेच येऊन मिळतो.

छापलेला निबंध लागत नाही. सारांशात पहिली दोन वाक्यं पार्श्वभूमीवर घालवू नकोस, वाचणाऱ्यांना ती माहीत असते. प्रश्न काय, कुठल्या उंदरात किंवा कुठल्या स्लाइसमध्ये, कुठल्या पद्धतीने, आणि आत्तापर्यंत काय दिसलं ते लिही. काम अर्धवट असेल तर ते कुठे अडलंय तेही लिही, कारण निवडणारे तुझ्याच वयाचे असतात आणि त्यांना चर्चा घडवणारं काम हवं असतं. भाषणासाठी विचार व्हावा असं वाटत असेल तर त्याची मुदत नोंदणीच्या शेवटच्या तारखेच्या बरीच आधी संपते, ती वेगळी बघून ठेव. सेमिनार आणि परिषद यांचे अर्ज वेगवेगळे असतात. दोन्हीला जायचं तर दोन्ही भरावे लागतात.

मेघमल्हार

धन्यवाद! सारांशाचा कच्चा मसुदा तयार झाला की इथे नाही टाकणार, व्यनि करते. बघाल का?

अनुस्वार

बघेन. एक आकृतीही पाठव, भले ती एकाच पेशीच्या प्रवासाची असो.

जुनाजाणता

मलाही पाठवा. स्थलांतरावर काम केलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, तिला विचारून तिच्याशी गाठ घालून देतो.